गरम पाण्याचा नळ

कॅम्पात घरोघर कागदी तारे लागलेत,
आमचा अजून माळ्यावर, मागच्या वर्षीच्या पिशवीत.
मम्मी म्हणाली, तारा राहू दे, आधी टोप काढा.
तो मोठा, लग्नाघरी सोरपोतेलला जाणारा.
इनासने डोक्यावर उपडा घातला
आणि जिन्याच्या वळणावर दोनदा वाजला.

चार किलो तांदळाची पेज, कैरीचं लोणचं,
दोन किटल्या चहा, आलं जरा जास्त,
कारण यंदा थंडी हाडात शिरलीय म्हणे.
हे म्हटल्याशिवाय बेळगावात
डिसेंबर सुरूच होत नाही.
रिक्षावाला मकबूल म्हणाला, टोपाचं भाडं नको,
खरं सांडलं तर शीट तुमी धुवायची.

सिव्हिलच्या व्हरांड्यात रात्रीचे साडेनऊ.
माणसं चादरीखाली, माणसं पोत्याखाली,
एक म्हातारा वर्तमानपत्राखाली:
छातीवर कन्नड मथळा,
पायांवर मराठी छोट्या जाहिराती.

इनास बारावीत आहे, त्याला लाज वाटते.
रिक्षातच पुटपुटला होता,
आपण काय मोठे पुण्यवान लागून गेलो?
कुणी उत्तर दिलं नाही.
पण टोप खाली ठेवताच तोच निघाला
डावीकडे, एक्स-रेच्या मागून,
मोडक्या खाटांच्या ढिगापलीकडे,
जिथल्या एका नळाला
रात्री उशिरा गरम पाणी येतं.

नर्सांनाही ठाऊक नसलेला नळ.
मागच्या नाताळात एकोणीस रात्री
आम्ही तिघं ह्याच खांबाला टेकून होतो,
पप्पा आत.
तेव्हा चंदगडकडची एक बाई
हा नळ दाखवून गेली.
तिचं नाव विचारायचं राहिलं.
तांब्या आठवतो, काठाशी चेपलेला.

ऊटा आतेन्री, मम्मी विचारते
सौंदत्तीच्या, रामदुर्गच्या बायकांना,
जेवलासा काय, खानापूरकडच्यांना,
आणि घाईत सगळं उलटसुलट होतं,
तरी ताटल्या पुढे येतातच.
एकीने पेज घेतली, बसली नाही.
तुमचं कोण हाय आत?
कोण नाही.
मग?
मम्मीला काही सुचेना.
तिने तिला लोणचं वाढलं,
पुन्हा थोडं वाढलं.

पप्पांनी बत्तीस वर्षं
पलटणीचे युनिफॉर्म शिवले,
न बघता सुईत दोरा ओवायचे.
आता उजवा हात आपल्याच मनाने चालतो.
तरी किटली ह्याच हातात हवी त्यांना.
मी म्हटलं, द्या इकडे. दिली नाही.
चहाची धार कधी कपात,
कधी फरशीवर, कधी स्वतःच्या चपलेवर.
रांग थांबली. कुणी घसा खाकरला.
मला रांगेचा राग आला, मग पप्पांचा,
मग आम्ही इथे आलोच का, त्याचा.

तेवढ्यात पुढचा माणूस,
उसाच्या पात्याने हात चिरलेले,
मुलगा अतिदक्षतेत असलेला,
त्याने कप धारेखाली आणला
आणि हात जिकडे जाईल तिकडे
कप नेत राहिला.
थोडा डावीकडे, थोडा खाली, परत वर.
दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते,
फक्त धारेकडे.
कप भरला.
बास, तो म्हणाला. गरम हाय.
मागच्याने तसंच केलं. त्याच्या मागचीनेही.

अकरा वाजता टोपाला पेजेची खपली धरली होती.
इनास तो उचलून नळाकडे निघाला,
वाटेत चौदा-पंधरा वर्षांची एक पोर,
हातात प्लास्टिकचा मग.
मोठ्या माणसासारखं तिला म्हणाला,
चल, तुला गरम पाण्याचा नळ दाखवतो.

ठाऊक हाय की मला, ती म्हणाली. सोमवारपासनं.

आणि त्याच्या पुढे चालू लागली.
टोप तिरका धर म्हणाली,
मगाने पाणी ओतत राहिली,
तो घासत राहिला.