चौदा क

रोज नवाच्या सुमाराला ते वरून जायचं,
कोल्हापूरहून मुंबईकडं.
त्याच्या घरघरीवर मी लाँचमध्ये डिझेल भरायचो,
सुभद्रा चहात साखर टाकायची.
त्या दिवशी ते आलं
आवाज न घेता.

तापोळ्याच्या वळणावर धुकं अजून पाण्यावरनं उठलं नव्हतं.
डोंगराच्या खांद्याखाली विमान दिसणं
म्हणजे आपल्याच परसात
अनोळखी माणूस उभा असणं.
आधी पोट टेकलं की शेपूट, मी सांगू शकत नाही.
नवं जाडं कापड फाडावं तसं पाणी फाटलं,
मग लाट,
मग माझा दोर खुंटीसकट उपटून हातात.

पंखावर माणसं, पिवळ्या जाकिटांत,
शाळेच्या कवायतीसारखी ओळीत, गप्प.
आमची जाकिटं क्लबाच्या खोलीत,
किल्ली सेक्रेटरीकडं,
सेक्रेटरी मेढ्याला लग्नाला.
लाँचवर पाटी आहे: क्षमता बारा.
पहिल्या फेरीला एकोणीस घेतले
आणि पाटीकडं पाठ करून उभा राहिलो.
एक साहेब चढायच्या आधी बूट काढायला लागला,
देवळात शिरावं तसा.
राहू द्या म्हटलं, तर रडला.

कॅप्टन बाई शेवटी आली. शलाका केळुसकर.
विचारलं, इथं खोली किती?
बाई, मीटर माझ्याकडं नाही.
देवळाच्या कळसावर एक चिंच उभी केली
तर शेंडा बुडंल, इतकं.
कुठलं देऊळ?
आमचं. हितंच, तुमच्या पायाखाली.
धरण भरलं तवा बाप पाळण्यात होता.
ती पाण्याकडं बघत राहिली.
म्हणाली, वरून नुसतं सपाट दिसतं,
म्हणून तर उतरले.

काठावर तिनं डोकी मोजली. सत्तर.
पुन्हा मोजली. सत्तर.
कागद एकाहत्तर म्हणत होता.
बाईचे ओठ पांढरे पडले.
सुभद्रेच्या पदराखाली, चुलीच्या उबेला,
एक तान्हं कधीचं झोपलेलं,
त्याला मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

क्लबाच्या वहीत लिहिलंय:
फेऱ्या चार, प्रवासी एकाहत्तर.
वसुलीचा रकाना कारकून अजून मागतोय.

क्रेन आल्या, तुकडे नेले, पेपरवाले गेले.
वैशाखात पाणी उतरलं.
दरवर्षीसारखा बापाला घेऊन खाली गेलो,
नारळ, उदबत्ती.
चिखलात देवळाची पायरी,
जातं, कुणाच्या तरी गोठ्याचा दगड,
आणि पायरीला टेकून एक खुर्ची,
पट्ट्यासकट. चौदा क.

बापानं धोतराच्या सोग्यानं ती पुसली.
बसला.
पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून
कट्ट करून लावला,
समोरच्या भेगाळल्या गाळाकडं बघितलं
आणि मला विचारलं,
कुठवर जातंय?