तीन आणे बाकी

वेंगुर्ल्याच्या मांडवीत त्या साली
उंच डोलकाठ्यांचं एक गलबत नांगरलं.
निशाण इंग्रजाचं नव्हतं, फिरंग्याचं नव्हतं,
वलंदेजाची वखार तर कधीच घुबडांना गेलेली.
मिंगेल दुभाषी म्हणाला, अमेरिकेहून आलेत.
अमेरिका म्हणजे कुठे?
त्याने हात नुसता पश्चिमेकडे लांब केला
आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

उतरलं ते असं: तंबाखू, पिंपं अकरा;
रम, जी आम्ही सोडवली नाही;
आणि देवमाशाच्या डोक्यातून काढलेल्या, म्हणे,
पांढऱ्याशुभ्र मेणबत्त्या, वास नसलेल्या.
भरलं ते मिरी, सुंभ, थोडी सुपारी.
रियाल दगडावर वाजवून घेतले.
मी लिहीत होतो.

कप्तान पडवीत शहाळं तोंडाला लावून बसला,
पाणी दाढीवरून ओघळत,
आणि सांगू लागला: राजाने चहावर कर बसवला
तेव्हा आमच्या गावच्यांनी रात्री जहाजावर चढून
पेट्याच्या पेट्या खाडीत रिकाम्या केल्या.
मिंगेलला सांगताना हसू आवरेना.
अंतोशेट हसले नाहीत.
जकात त्यांना ठाऊक होती,
सावंतांची, बंदराची, फिरंग्याच्या कौलाची,
आणि कौल असूनही लुटलं तर त्याची वेगळीच.
विचारलं एवढंच,
‘मगे ती चाय कोणाच्या खात्यार घातली?’

कंपनीच्या.

‘कंपनी म्हंजे कोण? नाव सांग तेचा.’
हे मिंगेलने पुढे सांगितलं नाही.
रात्री शेटनी मला हलवून उठवलं,
‘पेटये किती म्हणालो तो?’

पुढच्या आश्विनात आमचं शिबाड
निवतीच्या खडकांवर गेलं.
भात साडेतीन खंडी, मीठ, शीड नवंकोरं,
नुकसान एका बैठकीत लिहून झालं.
जानू तांडेल राहिला.
त्याला आगाऊ दिलेले सव्वीस रुपये राहिले.
मी बोरू बुडवून थांबलो.
शेट सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.
‘खाता बंद करू नको,’ म्हणाले. ‘व्याज लावू नको.’

दर पाडव्याला नवी वही, कुंकवाचं स्वस्तिक,
आणि जानू तांडेल, मागील बाकी.

त्याची बायको वळलेल्या सुंभाच्या पेंड्या
उंबऱ्याबाहेर ठेवून जायची.
जमा. पुन्हा जमा.
आम्ही भाव एक पैसा चढा धरला नाही;
तिने तो ओळखला असता.

किती पाडवे गेले, वह्याच सांगतील.
काल ती आली, केस पांढरे, डोईवर शेवटचा भारा.
हिशेब केला. तीन आणे उरले.
तेही तिने कनवटीतून काढून पुढे सरकवले.
शेटनी ते हातात घेतले,
वाजवले नाहीत,
परत तिच्याकडे सरकवले.
‘रवांदे,’ म्हणाले.

ती उभीच राहिली.
मी लिहिलं: जानू तांडेल, येणे तीन आणे.
आणि खाली, सवयीने,
जागा सोडली.