अर्नसाइड, भरतीच्या आधी

रेघ मध्यावर नको, विनिफ्रेड म्हणाली होती पहिल्याच दिवशी.
आकाश जास्त दे, नाहीतर चिखल जास्त दे,
पण कुणा एकाची बाजू घे.
आणि तो रेल्वेचा पूल वगळ.
असला म्हणून काय झालं.

मी वगळला.
खांब मोजून काढले होते, तरी.

लँकेस्टरच्या इस्पितळात एकतीस वर्षं
मी राखाडीच वाचत आले :
हाड, हवा, पाणी,
आणि जिथे असायला नको तिथला ढग.
त्यामुळे इथला समुद्र मला फारसा जड गेला नाही.
जड गेलं ते कोरं ठेवणं.
ओल्या वाळूवरचा उजेड रंगवायचा नसतो म्हणे.
बाबा जेवणाआधी चित्राहुती काढून ठेवायचे
तसा थोडा पांढरा आधीच बाजूला काढायचा,
मग हात घालायचा रंगात.

पाऊस इथे विचारून येत नाही.
एकदा एकच थेंब पडला माझ्या न वाळलेल्या आकाशात
आणि फ्लॉवरचा गड्डा उमटला.
विनिफ्रेड चष्मा वर करून म्हणाली, राहू दे,
तुझ्या ढगांपेक्षा बरा आहे.

यंदा तिचा हात थरथरतो.
पाण्यात बुडवताना ब्रश बरणीच्या काठाला
टिणटिण वाजतो, आम्ही ऐकलं नाही असं दाखवतो.
समुद्र कधी कलत नाही, असं बजावणारी ती,
तिचा समुद्र आता डावीकडे सांडतो.
आज तिने बोर्ड माझ्या मांडीवर सरकवला,
बघत भलतीकडेच.
एवढी रेघ मार.

तेवढ्यात भरतीचा भोंगा झाला.
केंट नदीच्या तोंडात पाणी उलटं धावायला लागलं,
वाळूवरची दोन माणसं नि एक कुत्रं
माघारी फिरली, कुत्रं नाइलाजाने.

मी ब्रश भरून घेतला
आणि तोंडातून गेलंच, सवयीचं,
हजारो छात्यांना सांगितलेलं :
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
तीही रोखून बसली.

डावीकडून उजवीकडे, वरच्या तिसऱ्या हिश्शात
रेघ गेली.

सोडा म्हणायचं राहूनच गेलं.
शेवटी तीच हसली, फुस्सकन,
ब्रश माझ्या हातून घेतला
आणि रेघेखाली, पाण्यात, काढलं
पुलाच्या एका खांबाचं प्रतिबिंब.
नुसतं प्रतिबिंब. वर पूल नाहीच.
थरथरतं,
आणि अगदी बरोबर.