हळदीचं पाणी

टाकी क्रमांक चार. आत डिझेल,
बाहेर नुकताच मारलेला पांढरा रंग,
शिडीवर साळुंकीची शिटं.
माझ्या हातात तक्ता :
शक्यता, एक ते पाच.
परिणाम, एक ते पाच.
गुणाकार करून चौकटीत लिहा.

भोवतीच्या भिंतीची उंची मोजली.
टाकी फुटलीच तर सगळं तेल
या हौदात मावेल, वर वीतभर उरेल.
"मावंल की," निवृत्ती सांगळे म्हणाला,
"पण तो व्हॉल्व्ह पुरता लागत नाही."
कोणता?
"पावसाचं पाणी सोडायचा.
पोळ्यापासून दोन आटे बाकीच राहत्यात."
त्याने चाकाला दोन्ही हात घातले.
मानेची शीर उभी राहिली,
चाक होतं तिथेच.

कळवलं होतंत?
"तोंडी."
तोंडीचा रकाना तक्त्यात नव्हता.

मग कॅन्टीनमधून हळद मागवली.
आचारी म्हणाला, किती माणसांची भाजी?
बादलीत पाव किलो कालवली,
व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओतली,
सांगळेला म्हटलं, आता मागून आगीचा पाइप सोड,
आणि कुंपणाला वळसा घालून
नाल्याकाठी जाऊन बसले,
घड्याळ मांडीवर.

नाल्यात पोटरीभर पाण्यात एक बाई
कोथिंबिरीच्या जुड्या धूत होती.
एक जुडी बुडवायची, झटकायची,
गोणपाटावर उताणी ठेवायची.
"मोजणी हाये का? रस्ता जाणार?"
नाही.
"मग बरंय."
वर महामार्गावर नाशिकरोडकडे निघालेला टँकर
गिअर बदलत होता.

आधी काठाकाठाने, पिवळा दोरा.
मग रुंद झाला,
मग तिच्या पायांभोवती आला,
जोडव्यांवरून गेला.
ती हसली :
"वर कुणाची हळद हाये गं?"

मला सांगता आलं नाही.
हा नाला खाली दारणेला मिळतो,
दारणा गोदावरीला,
हे तिला माझ्याहून आधीपासून माहीत.
तिने पुढची जुडी त्याच पाण्यात बुडवली.

परत आले तर सांगळे चाकापाशीच,
तळहात गंजाने तांबडे.
"किती, मॅडम?"
अकरा.
"पंचवीसपैकी? मग ठीके की."
मिनिटं, म्हटलं.

तो खाली बसला.
मी तक्ता पुन्हा बघितला :
एक ते पाच गुणिले एक ते पाच,
कुठूनही करा,
अकरा येत नाही.