कोपऱ्यातली होडी

पहिली होडी बावतीसने काचेवर काढली,
ट्रॉलरांवर नंबर घालून उरलेल्या निळ्यातून.
काच कॅमेऱ्यापुढे. खोली एसटी स्टँडच्या वर.
सावंतवाडी गाडी सुटली की
वेंगुर्ल्यात घराघरांतल्या टीव्हीच्या कोपऱ्यात
होडी हलायची.

मग कंप्युटर आला. होडी सोनेरी झाली,
स्वतःभोवती फिरू लागली.
"गरगरता ती बुडता," बावतीस म्हणाला
आणि पगार घ्यायला आला नाही.

पुढे शीड गेलं, वल्हं गेलं.
उरली एक वाकडी रेघ;
नवे मालक तिला लाट म्हणतात.

इनासच्या सलूनमधला जुना डबा
आता लागतच नाही.
पण दुपारी ऊन तिरपं आलं की
काळ्या काचेत, कोपऱ्यात,
जळून बसलेली ती पहिली दिसते –
कडा दुहेरी,
खालून नुकतीच गाडी गेलेली.