तेल कुठं मुरतंय

रॉली हाउगेनचा अठ्ठ्याहत्तर सालचा पिकअप
शेडमध्ये आला तेव्हा बाहेर उणे बावीस.
गिअरबॉक्स गेला, म्हणाला.
मायनॉटला दोघांनी सांगितलं होतं,
उतरवा आणि दुसरा बसवा.
त्यांचा आकडा त्यानं सिगरेटच्या पाकिटावर लिहून आणला होता.
पाकीट माझ्या हातात दिलं. आकडा उच्चारला नाही.

तेल कमी होतं? मी विचारलं.
होतं. महिन्याला एक बाटली.
खाली डाग पडतो?
नाही.
बर्फावर बघितलंस?
बर्फावरचा लाल थेंब मला दिसणार नाही? म्हणाला,
हरणांच्या मागावर जन्म गेला माझा.

मग चालवून पाहिली,
धान्याच्या कोठारांपासून रेल्वेच्या फाटकापर्यंत.
पहिला गिअर सोडवेना तिला,
निघालेला पाहुणा उंबऱ्यात बोलत उभा राहतो तशी.
इंजिन केकाटायला लागलं,
आणि मग मागून लाथ बसावी तसा दुसरा पडला.
तिसाला पाय उचलायचा, रॉली शेजारून म्हणाला.
क्षणभरच. मग ऐकते ती.
किती वर्षं उचलतोयस?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
आरशात धूर होता. पांढरा.

इंजिन चालू, गरम, आणि मी डिपस्टिक ओढली.
डाळिंबाच्या रसासारखं तेल. हुंगलं.
करपल्याचा वास नाही.
आडवी झाले, खालचं पॅन उतरवलं:
तळाला राखाडी साय,
बोटांत चोळली, कच लागली नाही, चकाकी नाही.
म्हणजे आत सगळे धडधाकट.
मग तेल मुरतंय कुठं?

उजव्या कुशीला, मागच्या बाजूला
पत्र्याची एक डबी असते, बुटाच्या पॉलिशच्या डबीहून लहान.
आत रबराचा पडदा.
इंजिन एका नळीतून तिची हवा ओढतं,
त्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळतं
धन्याचा पाय किती जड आहे.

नळी उपसली.
लाल थेंब मनगटावर. दुसरा थेट बाहीत.
पडदा फाटलेला.
इंजिनच पीत होतं इतके दिवस,
आणि मागच्या मागे धूर सोडून
साळसूदपणे चालत होतं.

एका बोल्टात डबी सुटली.
तिच्यामागची सळई, पेन्सिलीच्या थोटकाएवढी,
मी दातांत धरली.
ती हरवते, आणि मग लोक
नव्या डबीला शिव्या देतात.
एकवीस डॉलर. नळीचे दोन वेगळे.
रॉलीनं पैसे मोजले, सिगरेटचं पाकीट परत मागितलं,
आकडा खोडला नाही,
तसंच खिशात घातलं.

आता ती अठरालाच बदलते,
झोपेत कूस वळावी तशी.
तरी रोज सकाळी सातला
शेडचं दार उघडताना मला ऐकू येतं:
फाटकाच्या अलीकडे
इंजिनाचा आवाज उगाच खाली बसतो, क्षणभर,
मग पुन्हा उठतो.