खेचर

सेस्नाला रिव्हर्स नसतो.
पहिल्या दिवशी कळलं तेव्हा
हसूच आलं होतं मला.
तापी एका ढांगेत ओलांडणारं,
पण दोन पावलं मागे यायचं तर
माणसं बोलवावी लागतात.

तेव्हा आम्ही चौघं होतो.
हिलाल आणि भिकन पंखांखालच्या तिरक्या दांड्यांना,
झिपरूनाना शेपटीकडे, नुसतं ‘थांब’ ओरडायला,
आणि मी पुढच्या चाकाला आकडा लावून.
मे महिन्यात गोंदूरच्या माळावर
डांबर चपलेला सोडत नाही.
पंख्याला हात लावायचा नाही, हा नियम.
आणि तोल गेला की हाताला
नेमका पंखाच सापडायचा.

मग भिकन सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेला.
हिलालचा मणका सरकला.
नाना घरी बसले.
उरलो मी, आणि साहेबांच्या फोनमधला एक फोटो:
परदेशी यंत्र, पिवळं, चकचकीत.
किंमत विचारली तर साहेब खोकले.

लोटन मिस्तरीचं दुकान पारोळा रोडला,
केळीच्या वेफरच्या भट्टीला लागून.
फोटो त्यानं आडवा पाहिला, उभा पाहिला.
“बैल पायजे तुले,” म्हणाला.
ई-रिक्षाची मोटर, तिच्याच चार बॅटऱ्या,
फवारणीच्या गाड्याची दोन चाकं,
हँडल लुनाचं,
घंटी त्याच्या पोराच्या सायकलची.
घंटी कशाला? म्हटलं.
उत्तर दिलं नाही, काढलीही नाही.
तोंडाशी दोन बोटं, चाकाचा आस धरायला,
आत ट्यूबचं अस्तर.
“चावाले नको,” म्हणाला, “धराले पायजे.”

नाव पडलं खेचर.
जमाखर्चाच्या वहीत लिहिताना
बागूल कारकुनाचा पेन थांबला.
अरे, खेचर म्हणजे आकाशात फिरणारा,
पोथीत तसंच आहे.
मग दोनदा लिहा, मी म्हटलं,
दोन्ही बाहेर उभे आहेत.

पहिल्याच दिवशी मी जोर जास्त दिला.
नाक गर्रकन वळलं,
चाकाजवळची लाल खूण
बोटभर लांब राहिली.
त्या खुणेपलीकडे आत काही मोडतं
आणि मोडलेलं दिसत नाही.
वर गेल्यावर दिसतं.
त्या रात्री भाकरी गिळवेना.
सकाळी लोटननं मुठीखाली एक खुंटी ठोकली:
यापुढे वळायचंच नाही.

त्याला पास कधीच मिळाला नाही.
आपलं यंत्र चालताना बघायला आला
तर फाटकावर बसवून ठेवलेलं, घामानं भिजलेला,
हातात मुलाखतीला आल्यासारखी पिशवी.
तेवढ्यात लळिंगच्या बाजूनं धूळ उठली.
तीन विमानं उघड्यावर.
रोशना पाडवी, सकाळीच पहिल्यांदा एकटी उडालेली,
टोपी फेकून पंखाच्या टोकाशी धावली.
फाटक उघडं टाकून गार्ड शेपटीला.
पाच हातांवर काही दिसेना.
कोण कुठं, हँगरचा खांब कुठं,
पंख त्याच्यापासून किती लांब.
मी घंटी वाजवत राहिलो.
एक म्हणजे चालू.
दोन म्हणजे थांबा.
कुणी ठरवलं नव्हतं.
तिसरं विमान आत घेताना वळून पाहिलं
तर लोटन माझ्या शेजारून चालत होता,
विमानाकडे न बघता
वाकून, चाकाच्या आवाजाकडे कान लावून.
“बेअरिंग कुरकुर करस,” म्हणाला.
बाकी काही नाही.

रोशना म्हणते, काका, एकदा वर चला.
जाईन.
पण एक गोष्ट तिला सांगितली नाही अजून.
विमान मागे ढकलताना
मी त्याच्या नाकासमोर असतो.
ते मागे जात असतं,
आणि मी, त्याच क्षणी, त्याच वेगानं,
पुढे.

रात्री हँगर लावताना
भिंतीशी लाल दिवा, चार्जिंगचा.
कुलूप घालायच्या आधी मी एकदा
घंटीवर नख मारतो.
सवय.